न निघालेल्या सिनेमाची वाटणी

मी, खाली सही करणारा, धंद्याने चष्मेवाला, एक फुप्फुस निकामी आणि दुसऱ्याचा भरवसा नाही असा, परंतु डोके ठिकाणावर असलेला इसम, हे मृत्युपत्र राजीखुशीने व स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही; दबाव आणण्याइतके जवळ आता कोणी राहिलेले नाही. नशापाणी केलेले नाही. धापेचे औषध घेतले आहे, त्याने हात थोडा कापतो, म्हणून अक्षर वाकडे आहे. अक्षरावरून कोणी माझ्या मनाच्या स्थितीबद्दल शंका काढू नये.

हे टाइप करून घ्यावे असे वकीलबाईंचे म्हणणे पडले. मी नको म्हणालो. टाइप करणारा असा मला आयुष्यात एकच माणूस माहीत होता आणि बायको गेल्यापासून त्याच्याशी माझे बोलणे नाही. त्याचे पुढे येईलच.

कलम एक. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, त्यातील सामानासह, माझ्या एकुलत्या एका मुलीला द्याव्यात. त्या मी स्वतःच्या कमाईने घेतल्या आहेत, त्यात वडिलोपार्जित काही नाही. तिने त्या विकल्या तरी माझी हरकत नाही. जिना चढताना तिसरी पायरी हलते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. तिच्या आईच्या कपाटातले कपडे मी काढलेले नाहीत. ते काढण्याचे काम तिच्यावर टाकतो आहे याबद्दल मला वाईट वाटते, पण मला जमले नाही. बँकेत जे काही आहे तेही तिचेच. याच मुलीने या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. जावईबापूंनी तिला मदत करावी, सल्ला देऊ नये.

कलम दोन. खालचे दुकान, भिंगे घासण्याचे यंत्र, डोळे तपासायची भिंगांची पेटी, फ्रेमी सरळ करायच्या पकडी आणि उभा आरसा हे सर्व माझ्याकडे इतकी वर्षे काम करणाऱ्या कारागीरबाईंना द्यावे. दुकान आजही त्याच चालवतात; मी नुसता गल्ल्यामागे बसून खोकतो. पाटीवरचे माझे नाव त्यांनी खुशाल पुसावे. आरसा मात्र बदलू नये. त्यात माणूस आहे तसा दिसतो. हल्लीच्या दुकानांतल्या आरशांत गिऱ्हाईक जरा बारीक दिसते, म्हणजे फ्रेम लवकर खपते.

कलम तीन. माझ्या धाकट्या भावाला लोखंडी शिडी द्यावी. त्याने ती माझ्याकडून नेली तेव्हा मी हयात होतो आणि अजूनही हयात आहे, तरी ती परत आलेली नाही. आता ती त्याची. भावजयीला छताचा पंखा हवा होता, तो काढून द्यावा. बाकी काही नाही. माझी बायको आजारी असताना हा भाऊ एकदाच येऊन गेला, आणि तेव्हाही, "अजून तुमचं ते सिनेमाचं खूळ चालूच आहे का?" एवढे विचारून गेला. चालू होते. त्याच्यावरच ती जगत होती.

कलम चार. आता ज्या मालमत्तेबद्दल मी हा कागद मुख्यतः लिहितो आहे ती. ही स्थावर धरायची की जंगम, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "काका, ही मालमत्ताच नाही." असेल. पण माझ्याकडे यापेक्षा मोलाचे काही नाही, आणि ती माझ्या एकट्याची नाही.

आमच्या दुकानासमोर पूर्वी सिनेमाचे थिएटर होते. आता तिथे गाड्या उभ्या करतात. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिथे एक सिनेमा लागला. सिनेमा टाकाऊ होता. त्यात एका नटाला पाचेक मिनिटांचे काम होते: सावकारांनी दुकान जप्त केलेल्या दुकानदाराचे. त्याला एकही वाक्य नव्हते. हमाल त्याचे सामान उचलून नेतात आणि तो दारात उभा राहून बघतो, एवढेच. सिनेमा सुटल्यावर बायको रस्त्यातच थांबली.

"पाहिलंत का तुम्ही?"

"काय?"

"अहो, तो बाजूला सरकला. हमालांना वाट दिली त्यानं. त्याचंच दुकान लुटलं जातंय आणि हा त्यांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरतो. हे त्याला कुणी सांगितलं नसणार. हे त्याचं स्वतःचं आहे."

दुकानात फ्रेम निवडून देण्याचे काम तीच करायची. गिऱ्हाईक आत आले की ती त्याच्या चेहऱ्याकडे क्षणभर बघे आणि हात बरोबर त्या खणाकडे जाई. चेहऱ्याला काय हवे आहे हे तिला कळायचे. त्या नटाच्या चेहऱ्याला काय हवे आहे हेही तिला त्या संध्याकाळी कळले. ती म्हणाली, "याला गप्प बसू देणारा दिग्दर्शक पाहिजे."

तसा दिग्दर्शक त्याला कधी मिळाला नाही. त्याला इन्स्पेक्टर मिळाले, खलनायकाचे भाऊ मिळाले, नायिकेचे वडील मिळाले. सगळीकडे त्याला ओरडायला लावले. आम्ही प्रत्येक सिनेमा पाहिला आणि प्रत्येक वेळी थिएटरातून तोंड पाडून बाहेर आलो.

मग खेळ सुरू झाला. दुकान बंद असण्याच्या दिवशी मागच्या खोलीत आम्ही तिघे बसत असू: मी, बायको, आणि माझा शाळेपासूनचा मित्र. तो कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करायचा, म्हणून सगळे त्याला टायपिस्टच म्हणत. खेळ असा, की आमच्या नटाला कोणत्या दिग्दर्शकाने घ्यावे आणि त्याच्याकडून काय करून घ्यावे. दिग्दर्शकांना आम्ही आमची नावे ठेवली होती. एक होता तोफखाना; त्याच्या सिनेमात कोणी हळू बोलत नसे. एक होत्या बाई. त्या माणसाच्या इतक्या जवळ कॅमेरा नेत की त्याला रडण्यावाचून इलाज राहत नसे. आणि एक होता म्हातारा. तो कॅमेरा लांब ठेवी आणि वाट बघे.

टायपिस्टचे मत नेहमी बाईंच्या बाजूने. तो म्हणायचा, "वहिनी, लोकांना चेहरा बघायचा असतो. तुमचा म्हातारा त्याला खांबाआड उभा करेल आणि वर म्हणेल, समजून घ्या."

"भावजी, समजून घ्यायला आलेले नसतील तर त्यांनी घरी बसावं."

मी मध्येच काही बोललो तर दोघेही माझ्याकडे बघत, ऐकून घेत आणि पुन्हा भांडू लागत. मला या खेळात फारशी गती नव्हती. पण त्या खोलीत मी जितका सुखात होतो तितका दुसरीकडे कुठे नव्हतो, हे मी शपथेवर लिहितो.

किती सिनेमे काढले आम्ही! भाड्याची नाव चालवणारा, बदलीवर आलेला स्टेशनमास्तर, मुलाच्या लग्नाला न बोलावलेला बाप. पुढे वर्षे गेली तसे त्यातले बरेचसे गळून गेले आणि एकच उरला, बायकोचा. एक मनुष्य गावातले घर विकायला येतो आणि त्याला ते विकवत नाही, असा तो होता. तिने त्याचे एकेक दृश्य रचले होते. खोलीतला उजेड कुठून येतो इथपर्यंत. कुठे लिहिलेले काही नाही. ती सांगायची आणि आम्हाला पाठ व्हायचे.

मग ती आजारी पडली. कोणता आजार ते मुलीला माहीत आहे, इथे लिहिण्याची गरज नाही. इस्पितळात गेल्यावर तिने सिनेमा बदलला. घर विकणे काढून टाकले. आता त्या माणसाची बायको इस्पितळात असते.

मी म्हणालो, "हे कशाला? आहे तो चांगला आहे."

"आता मला आतली माहिती आहे ना," ती म्हणाली आणि हसली. हसताना तिला दुखत असे, तरी.

मला ते ऐकवेना. टायपिस्ट मात्र ऐकायचा. वॉर्डात एका वेळी एकच माणूस सोडत. आम्ही पाळी लावली होती: एक आत, एक बाहेर बाकावर. माझ्या पाळीत ती औषधांचे, दुकानाचे, मुलीच्या नोकरीचे बोले. त्याच्या पाळीत सिनेमाचे. त्यामुळे नव्या सिनेमाचा शेवट त्यालाच ठाऊक आहे, मला नाही.

ती गेली तेव्हा पाळी त्याची होती. दुपार होती, बाकावर ऊन आले होते. तो बाहेर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी समजलो. जरा वेळाने मी विचारले, "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

त्याने थोडा विचार केला. खोटे बोलायला एवढा वेळ पुरला असता. तो म्हणाला, "नाही रे. सिनेमाचंच बोलत होती. बाईंना देऊ नका म्हणाली. म्हाताऱ्याला द्या. कारण—"

मी त्याला पुढे बोलू दिले नाही. इतकी वर्षे तिच्या शेजारी काढली आणि शेवटचा शब्द गेला कुणाच्या वाट्याला, तर ज्याने आम्हाला कधी पाहिलेही नाही अशा दिग्दर्शकाच्या. मी त्याला म्हणालो, "तुझ्या जागी मी असतो तर काहीतरी रचून सांगितलं असतं. आयुष्यभर रचतच आलास ना? आजच कसं सुचलं नाही तुला?" प्रेत घरी आणायला त्यानेच गाडी ठरवली. त्यानंतर मी त्याला दुकानात पाऊल ठेवू दिले नाही. तो काही वेळा रस्त्याच्या पलीकडे येऊन उभा राहिला. मग तेही बंद झाले.

कलम पाच. ही अट आहे. मुलीने ती नीट वाचावी.

बायको गेल्यावर काही वर्षांनी एक उंच, पडलेल्या खांद्यांचा माणूस दुकानात आला. टोपी काढून त्याने काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "जवळचं दिसत नाही. आणि लांबचंही." मी मान वर केली. तो आमचा नट होता. कोणत्या कामाने या भागात आला होता ते मी विचारले नाही. मी त्याला खुर्चीत बसवले, डोळे तपासले. भिंग बदलताना मी तेच भिंग दोनदा घातले आणि त्याच्या ते लक्षात आले.

तो म्हणाला, "ओळखलंत वाटतं."

मी हो म्हणालो. मग मला राहवले नाही. मी सांगू लागलो: दुकानदार, हमाल, तो बाजूला सरकला ते, आम्ही त्याच्यासाठी कोण कोण दिग्दर्शक ठरवले ते. तो ऐकत होता. मी म्हाताऱ्याचे नाव घेतले, खरे नाव, तेव्हा त्याने हात वर केला.

"पुढे नका सांगू."

"आमच्या बायकोनं तुमच्यासाठी—"

"माफ करा. तुम्ही प्रेमानं सांगताय, कळतं मला. सगळेच प्रेमानं सांगतात. बसमध्ये सांगतात, लग्नात सांगतात. ह्यानं तुम्हाला घ्यायला हवं होतं, त्यानं घ्यायला हवं होतं. अहो, मी गेलो होतो त्यांच्याकडे. तुमच्या या म्हाताऱ्याच्या दारात मी वर्षभर जात होतो. त्यांनी एकदा मला नीट बघितलं आणि म्हणाले, चेहरा चांगला आहे, पण माझ्याकडे तुझ्यासाठी काही नाही." तो खुर्चीतच होता, चाचणीची जड चौकट अजून त्याच्या नाकावर होती. "जे सिनेमे केले ते मी विसरू शकतो. जे केले नाहीत ते लोक विसरू देत नाहीत."

मी म्हणालो, "हे अक्षर स्पष्ट दिसतं की ते?"

"पहिलं," तो म्हणाला.

आठवड्याने येऊन त्याने चष्मा नेला. मला वाटले होते त्याला साधी काळी फ्रेम द्यावी. पण मी बायको नव्हे; ती त्याला बसली नाही, नाकावरून घसरत होती. तरी तो तीच घालून गेला.

मुलीला हे आजवर मी सांगितलेले नाही. ती त्या नटाच्या चाहत्यांच्या एका ग्रुपमध्ये आहे. हजारो माणसे आहेत म्हणे. सगळी तरुण. ज्यांनी त्याचे सिनेमे थिएटरात कधी पाहिलेच नाहीत, ती आता त्याला कोणत्या दिग्दर्शकाने घ्यावे यावर वाद घालतात, न निघालेल्या सिनेमांची पोस्टरे बनवतात. ती फोनवर मला म्हणते, "बाबा, आईचा सिनेमा सांगा ना. मी टाकते ग्रुपवर. लोक वेडे होतील." मी दर वेळी दम लागल्याचे निमित्त करतो. निमित्त खरेही असते. आणि मी सांगू लागलो की तो माझा सिनेमा होतो, तिचा राहत नाही.

तर अट अशी: आईचा सिनेमा मुलीने मिळवावा, तो तिचा आहे. पण तो नट जिवंत आहे तोवर तो ग्रुपवर, वर्तमानपत्रात, कुठेही टाकू नये. पोस्टर करू नये. त्याच्या नातलगांना कळवू नये. त्याच्या माघारी तिला वाटेल ते करावे. ही अट पाळली जाते की नाही हे बघायला मी नसेन. म्हणून ती अट म्हणून नव्हे, विनंती म्हणून लिहिली असे समजले तरी चालेल.

कलम सहा. सिनेमा मिळवायचा कुठून, तर टायपिस्टकडून. दुसरीकडे तो शिल्लक नाही. टायपिस्ट अजून जिवंत आहे, कानाला कमी ऐकू येते, असे कारागीरबाई सांगतात. मुलीने त्याच्याकडे जावे, मोठ्याने बोलावे.

त्याला काहीतरी द्यावे असे माझ्या मनात होते. मागच्या खोलीतली तिची खुर्ची लिहिली होती. पण वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदार कोण घेताय? ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं तो साक्षीदार होऊ शकत नाही." मी रात्रंदिवस त्यावर विचार केला नाही, लगेच ठरवले. खुर्ची खोडली आहे, खोडल्याच्या जागी सही केली आहे. टायपिस्टला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. त्याला साक्षीला बोलवावे. खुर्ची द्यायची म्हटले असते तर तो आला नसता. सही करायची म्हटल्यावर येईल. आयुष्य त्याने कोर्टाच्या दारात काढले आहे.

कलम सात. माझे डोळे कोणाच्या कामाचे असतील तर काढून घ्यावेत. बाकी देहाचे काय करायचे त्यावर घरात वाद घालू नये. मागे कोणी भाषण करू नये.

पुरवणी. वरील मजकूर लिहून झाल्यावर, सही करण्यापूर्वी जे घडले ते याच कागदावर नोंदवून ठेवतो. वकीलबाईंनी हरकत घेतली, पण कागद माझा आहे.

टायपिस्ट आला. जिना चढायला त्याला फार वेळ लागला. दारात उभा राहून त्याने माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, "हे काय करून घेतलंस रे स्वतःचं?"

"बस," मी म्हणालो.

कागद वाचायला त्याने डोळ्यांजवळ धरला. त्याचा चष्मा जुना झाला होता. मीच दिलेला होता तो, त्यानंतर त्याने दुसरीकडून घेतला नव्हता. चौथे कलम त्याने दोनदा वाचले. वकीलबाई खिडकीकडे बघत होत्या.

"हे 'कारण' म्हणून थांबलायस, त्याच्यापुढचं लिहिलं नाहीस."

"मला माहीत नाही ते. मी ऐकलं नाही."

"आता ऐकतोस?"

मी मान डोलावली. तो मोठ्याने सांगू लागला, कमी ऐकू येणारे बोलतात तसा, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा.

"शेवटचं दृश्य. ती आत पलंगावर आहे. नवरा बाहेर बाकावर बसलाय. वहिनी म्हणाल्या, बाई त्याला शेवटी आत आणतील. हात हातात देतील, रडवतील, लोकही रडतील. म्हातारा आणणार नाही. तो त्याला बाहेरच बसू देईल. मी म्हटलं, वहिनी, हा अन्याय झाला, बायको मरतेय आणि माणूस बाहेर? तर म्हणाल्या, भावजी, त्याला बघवायचं नाही. त्याला आत ओढू नका. तो बाकावर आहे एवढं तिला माहीत आहे, तेवढं तिला पुरतं."

वकीलबाईंनी विचारले, "ती म्हणजे कोण? सिनेमातली?"

टायपिस्टला ऐकू आले नसावे. मला आले.

"तू विचारलंस, तुझ्याबद्दल काही म्हणाली का," तो म्हणाला. "नाव नव्हतं घेतलं. मी नाही म्हटलं. आजही नाहीच म्हणेन. जे बोलल्या ते हे."

हे ऐकून मला बरे वाटले असे मी लिहिणार नाही. इतकी वर्षे ते वाक्य त्याच्याकडे होते, रस्त्याच्या पलीकडे उभे होते, आणि मी इकडे फ्रेमी पुसत बसलो होतो. बरे वाटायला आता उशीर झाला आहे. मी त्याला एवढेच म्हणालो, "बरं झालं, काही रचलं नाहीस." तो म्हणाला, "काय?" मी पुन्हा मोठ्याने म्हणालो. तेवढ्याने मला धाप लागली आणि सही थोडी लांबली.

मी हा कागद पूर्ण वाचला आहे. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. यात ज्यांना काही मिळाले नाही त्यांनी ते माझ्या विसरभोळेपणावर घालू नये.

स्थळ: दुकानाच्या वरची खोली.
दिनांक: वकीलबाईंनी समासात घातला आहे तो.

करणार: चष्मेवाला (सही)

साक्षीदार पहिली: वरीलप्रमाणे चष्मेवाले यांनी माझ्यासमोर सही केली. वकीलबाई (सही)

साक्षीदार दुसरा: वरीलप्रमाणे यांनी माझ्यासमोर सही केली. सही करताना ते पूर्ण शुद्धीवर होते. मला यातून काही मिळत नाही हे मला मान्य आहे. मुलीला सिनेमा सांगण्यास मी बांधील आहे, मात्र शेवटच्या दृश्याबद्दल माझे मत अजूनही वेगळे आहे. माणसाला आत आणायला हवे होते. तेही मी तिला सांगेन. टायपिस्ट (सही)